लॉजवर वायफायचे पैसे भरले, तरी नेट चालेना? दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी हे तपासा

"दादा, पैसे कटले, पण नेट काही चालू होईना गेलंय."

नवरात्रात तुळजापुरात हे वाक्य मी दिवसभर ऐकत असतो. लॉज, भक्त निवास, यात्री निवास आणि म्हैसमाळकडचे तंबूंचे कॅम्प इथं वायफाय बसवायचं आणि सांभाळायचं हा माझा धंदा. महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, सुट्ट्यांत वेरूळ आणि म्हैसमाळ, एरवी अंबाजोगाई-लातूर. गावं बदलतात, तक्रार तीच राहते. बहुतेक वेळा पैसे बुडालेले नसतात आणि नेटही बंद नसतं. पैसे भरल्याची नोंद एका फोनच्या नावावर असते आणि दारात उभा असतो दुसराच फोन. माणूस घाबरतो, परत पन्नास रुपये भरतो, मग परत. ते थांबावं म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

लक्षणं

वायफायचे दांडे पूर्ण दिसतात, पण खाली "इंटरनेट नाही" असं येतं. किंवा पैसे भरायचं पान उघडतच नाही, पांढरा पडदा नुसता फिरत राहतो. किंवा पैसे भरले, बँकेचा मेसेज आला, पण नेट चालू करायचा कूपन नंबर आला नाही. किंवा कूपन टाकलं तर "आधीच वापरलेलं आहे" असं उत्तर येतं. किंवा रात्री छान चाललं आणि सकाळी उठल्यावर परत पैसे मागायला लागलं. आणि शेवटचं, गर्दीच्या दिवसांत हमखास दिसणारं: फोन "आयपी अ‍ॅड्रेस (म्हणजे नेटवर्कमधला फोनचा पत्ता) मिळवत आहे" यावरच अडकून बसतो.

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा. शेवटचं असेल तर मधलं सगळं सोडून थेट गर्दीच्या भागाकडे जा, कारण तो दोष तुमच्या फोनचा नसतो.

सगळ्यात आधी, फुकटातल्या गोष्टी

काउंटरवर जाऊन नेटवर्कचं नेमकं नाव विचारा. हे मी पहिलं सांगतो, कारण यात पैसेही वाचतात आणि फसवणूकही टळते. मंदिराजवळच्या गल्लीत एकाला लागून एक लॉज आहेत. शेजारच्या लॉजचं वायफाय तुमच्या खोलीत जास्त जोरात येतं, नावंही सारखीच. तुम्ही शेजाऱ्याला पैसे भरता आणि तुमच्या मॅनेजरशी भांडता. नाव जुळत नसेल, किंवा वायफायच्या पानावर कुणी यूपीआय पिन टाकायला सांगत असेल, तर तिथंच थांबा. पिन फक्त यूपीआय अ‍ॅपच्या आत टाकायचा असतो, वेबच्या पानावर कधीच नाही. आणि पैसे परत घ्यायला तर पिन लागतच नाही. टाकून बसलाच असाल तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

दुसरं, मोबाइल डेटा बंद करा. कारण असं की वायफायला जोडल्यावर फोन गुपचूप एक छोटं पान मागवून बघतो. ते जसंच्या तसं आलं तर नेट आहे, नाहीतर नाही, असं तो धरतो. पैसे भरलेले नसले की ते पान येत नाही, मग हुशार फोन सगळी कामं मोबाइल डेटावर वळवतो. तुम्ही ब्राउजर उघडता, तो डेटावरून चालतो आणि लॉजचं पान दिसायचा प्रश्नच येत नाही. डेटा बंद केला की फोनला एकच रस्ता उरतो.

तिसरं, फोनची तारीख आणि वेळ. सेल उतरून फोन बंद पडला होता आणि वेळ चुकली, तर सुरक्षित पानं उघडत नाहीत. दहा सेकंदांचं काम आहे, बघून घ्या.

पान उघडत नसेल तर

लोक ब्राउजरमध्ये गूगल टाकून बघतात. त्यानं लॉजचं पान येत नाही. हल्ली जवळजवळ सगळी मोठी पानं कुलूपबंद असतात, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं. अशा पानाच्या जागी दुसरं पान मध्येच घुसवलं तर ब्राउजर ते ओळखतो आणि अडवतो, आणि ते बरोबरच आहे. लॉजचं यंत्र मात्र नेमकं तेच करायला बघत असतं: तुम्ही मागितलेल्या पानाऐवजी स्वतःचं पान दाखवायला. म्हणून बिनकुलपाचं पान मागावं लागतं. नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे पान त्याचसाठी आहे. ते टाकलं की लॉजचं पान समोर येतं.

तरी नाही आलं तर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर बोट ठेवा आणि तपशिलात "गेटवे" किंवा "राउटर" असा शब्द शोधा. पुढं १०.५.५०.१ किंवा १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा असेल. तो जसाच्या तसा ब्राउजरच्या पट्टीत टाका. हा दारावरच्या यंत्राचा, म्हणजे पैसे भरलेल्यांनाच नेटवर सोडणाऱ्या लॉजच्या यंत्राचा, स्वतःचा पत्ता. माझ्या अनुभवात इथवर आल्यावर पान बहुधा उघडतंच.

नाहीच उघडलं तर व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारं अ‍ॅप) बंद करा आणि अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" बघा. नावावरून पानाचा पत्ता खाजगीपणे विचारायची ही सोय २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून आली. ती "ऑटोमॅटिक" असेल तर काही अडत नाही. पण जाहिराती बंद करायला म्हणून पोरं तिथं एखाद्या सर्व्हरचं नाव घालून ठेवतात. मग फोन म्हणतो, पत्ता मी फक्त त्यालाच विचारणार. आणि पैसे भरल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. तात्पुरतं "ऑफ" करा, आत शिरा, परत चालू करा.

कूपन चुकतंय का

काउंटरवरच्या चिठ्ठीवर कूपन असेल तर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी एल यांची गल्लत तपासा. कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, शेवटी एक रिकामी जागाही सोडतो, ती पुसा. आणि आपल्याकडे होणारी खास चूक: कीबोर्ड मराठी असला तर काही फोनांत आकडे देवनागरीत उमटतात. डोळ्यांना ४७२ बरोबर दिसतं, यंत्राला ते वेगळंच काहीतरी वाटतं. कीबोर्ड इंग्रजी करून परत टाका. एका आजोबांच्या खोलीत मी अर्धा तास राउटर तपासला होता आणि दोष एवढाच निघाला.

ओटीपी येत नसेल तर तो वायफायवरून येत नाही, सिमच्या रेंजवर येतो, हे लक्षात घ्या. तळमजल्याच्या आतल्या खोल्यांत रेंज मरते. जिन्यात किंवा खिडकीशी या. पाच वेळा मागवला तर शेवटचाच चालतो, म्हणून एकदा मागवा आणि थांबा.

खरा घोळ: फोनची ओळख

आता जरा सावकाश वाचा, कारण निम्म्याहून जास्त भांडणं इथली असतात.

दारावरचं यंत्र तुम्हाला ओळखत नाही. खोली नंबर, नाव, चेहरा यातलं त्याला काही कळत नाही. ते ओळखतं फक्त फोनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा चिन्हांची एक ओळख. पैसे भरले किंवा कूपन टाकलं की ती ओळख "पैसे भरलेले" यादीत जाते. पूर्वी ही ओळख फोनच्या जन्मापासून ठरलेली असायची. दुकानं आणि जाहिरातवाले तिच्यावरून माणसाचा माग काढायला लागले, म्हणून फोन कंपन्यांनी खोटी ओळख दाखवायची सोय केली. अँड्रॉइड १० मध्ये २०१९ ला ती आपोआप चालू झाली, आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून. सोय चांगलीच आहे. पण लॉजच्या यंत्रासाठी ओळख बदलली म्हणजे माणूस बदलला.

काही फोन नेटवर्क "विसरून" परत जोडलं की नवी ओळख घेतात. म्हणून नेट अडलं की "फरगेट" दाबायची जी सवय आहे, ती पैसे भरलेल्या वायफायवर आधी वापरू नका. आयफोनमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात "प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस" असतं, तिथं "रोटेटिंग" असेल तर "फिक्स्ड" करा. अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हसी" खाली "रँडमाइज्ड मॅक" आणि "फोन मॅक" असे पर्याय असतात. मुक्काम संपेपर्यंत एकच ठेवा. कोणता ठेवता याला महत्त्व नाही, मध्येच बदलायचा नाही एवढंच. आणि हे पैसे भरायच्या आधी करा. नंतर बदललंत तर तीच ओळख बदलून बसाल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळजापुरातल्या एका लॉजवर परंड्याकडचं कुटुंब उतरलं होतं. मुलीचा प्रवेशाचा फॉर्म, शेवटचा दिवस, रात्री बारापर्यंतची मुदत. मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मुलगी पलंगावर कागद पसरून बसली होती, दहावीचा दाखला, बारावीचा, जातीचा, आणि तिचा हात थरथरत होता. वडिलांनी तीनदा पन्नास रुपये भरले होते. तिन्ही वेळा पैसे त्यांनी स्वतःच्या फोनवरून, लॉजच्या वायफायला जोडून भरले आणि कूपन मुलीला वाचून दाखवलं. पण पैसे भरल्या-भरल्या कूपन वडिलांच्या फोनवर आपोआप चालू झालं होतं. एका कूपनवर एकच फोन. मुलीला म्हणून दर वेळी "आधीच वापरलेलं आहे".

मी वडिलांच्या फोनवर गेटवेचा आकडा टाकला, पान उघडलं, त्यावरचं "लॉग आउट" दाबलं. मग मुलीच्या फोनवर तेच कूपन टाकलं. लागलं. सव्वाअकराला फॉर्म गेला. मॅनेजरनं जास्तीचे शंभर रुपये परत केले, कारण त्याच्या पॅनेलवर, म्हणजे कूपनांची नोंद दिसणाऱ्या पडद्यावर, उरलेल्या दोन कूपनांवर काहीच नेट वापरलेलं नाही हे स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा ज्या फोनवर नेट वापरायचं, त्याच फोनवर कूपन पहिल्यांदा टाका. दुसऱ्या फोनवर हलवायचं तर आधी पहिल्यावरून "लॉग आउट" करा, नुसतं वायफाय बंद करून भागत नाही. लॉग आउटचं पान सापडेना तर काउंटरला सांगा, त्यांच्या पॅनेलवरून तो फोन काढता येतो. बरेच नवे फोन वायफाय घेऊन त्याचाच हॉटस्पॉट पुढे देतात; तसं केलं तर दारावरच्या यंत्राला एकच फोन दिसतो आणि घरातल्या दुसऱ्या फोनचंही काम होतं.

पैसे कटले, कूपन आलं नाही

वायफायच्या छोट्या खिडकीतून पैसे भरायला गेलात की यूपीआय अ‍ॅप वर येतं आणि मागची खिडकी बंद होते. पैसे जातात, पण "मिळाले" हा निरोप घेऊन परत यायला पानच उरलेलं नसतं. म्हणून पैसे भरायचं पान नेहमी पूर्ण ब्राउजरमध्ये उघडा. त्याहून सोपं म्हणजे काउंटरवरचा क्यूआर मोबाइल डेटावर स्कॅन करा, छापील कूपन घ्या आणि मग डेटा बंद करून आत शिरा. मी माझ्या सगळ्या लॉजवाल्यांना हेच सांगतो, आणि रोख द्यायचे असतील तर तेही.

कटले असतीलच तर अ‍ॅपमध्ये व्यवहाराची स्थिती बघा. "पेंडिंग" असेल तर परत भरू नका, थांबा. "सक्सेस" असेल तर १२ आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराची ओळख) काउंटरला दाखवा; त्यांच्या खात्यात तो सापडला की दुसरं कूपन द्यायला त्यांना काही अडचण नसते. खात्यातून गेले पण दुकानदाराला निरोप पोचला नाही, अशा यूपीआय व्यवहारात बँकेनं ५ दिवसांत रक्कम आपोआप परत करायची असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. त्यापुढं उशीर झाला तर दर दिवसाला ₹१०० भरपाई आहे, आणि ती मागावी लागू नये असंच त्यात म्हटलंय. पण पैसे मालकाच्या खात्यात पोचले असतील तर बँकेचं काम झालं. मग हिशेब लॉजशी. लॉज ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गर्दीचे दिवस

फोन "आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" वर अडकला, किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा की यंत्राकडं द्यायला पत्ताच उरलेला नाही. साध्या मांडणीत एका नेटवर्कवर फार तर २५४ पत्ते. तेवढे लॉजला पुष्कळ वाटतात. पण पत्ता पैसे भरायच्या आधीच द्यावा लागतो, त्याशिवाय पैसे भरायचं पान दिसणारच नाही. नवरात्रात व्हरांड्यात टेकलेला, नुसता पाणी प्यायला थांबलेला प्रत्येक भाविक एक पत्ता खिशात घालून पुढं जातो, आणि यंत्र तो २४ तास त्याच्याच नावावर ठेवतं. दुपारपर्यंत सगळे संपतात. अशा वेळी फोन बंद-चालू करून, परत पैसे भरून काहीही होणार नाही.

हे वाचणारे लॉजमालक असतील तर पत्त्याची मुदत अर्ध्या तासावर आणा आणि नेटवर्क मोठं करून घ्या. ५१० किंवा १,०२२ पत्ते सहज करता येतात. खर्च शून्य. फक्त करणाऱ्याला ते येत असलं पाहिजे.

नुसताच वेग कमी असेल तर ते वेगळं दुखणं. जुन्या दगडी वाड्यांतल्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क भिंतीपलीकडं जात नाही, २.४ चं घ्या. तंबूत उलट, कापड लहरी फारशी अडवत नाही, तिथं ५ चं चांगलं चालतं.

लाईट जाऊन आल्यावर

पाच मिनिटं थांबा. फायबरचा डबा, दारावरचं यंत्र आणि वरच्या मजल्यांवरचे डबे एकामागोमाग जागे होतात. बऱ्याच स्वस्त यंत्रांत घड्याळाचा सेल नसतो. लाईट गेली की ती जुन्या तारखेवर जातात आणि नेट लागून वेळ जुळेपर्यंत चांगलं कूपनही "मुदत संपली" म्हणून परत करतात. सकाळी परत पैसे मागितले जातात त्याचं एक कारण हे. दुसरं साधं: कूपन २४ तासांचं आहे की चेकआउटपर्यंतचं हे विचारलेलं नसतं.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

फायबरच्या डब्यावर "लॉस" लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेर तार तुटलीय. आपल्याकडं रस्त्याची कामं चालू असली की जेसीबी ती आठवड्यातून एकदा उकरून काढतो. त्याला खोलीतून इलाज नाही. लाइनमनला फोन करायचा, आणि काम तातडीचं असेल तर तोवर दुसरी सोय बघायची. बऱ्याच रेल्वे स्थानकांवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय आहे, रोज पहिली ३० मिनिटं मोफत. २०२१ मध्ये त्यांनी सशुल्क योजना आणल्या त्या ₹१० पासून होत्या. फॉर्म भरायला तेवढं पुरतं.

गच्चीवर जाऊ नका. म्हैसमाळ-वेरूळला माकडं वायर ओढून ठेवतात, वरचा डबा लोंबकळताना दिसतो, हात लावावासा वाटतो. त्याच वायरीतून त्या डब्याला वीज जाते. वैशाखातल्या अवकाळीत वीज कडाडत असताना तर मीसुद्धा गच्चीवर चढत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो.

आणि डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात काडी घालू नका. परळीला शिवरात्रीच्या आदल्या रात्री काउंटरवरच्या पोरानं पाहुण्यांच्या ओरड्याला घाबरून रीसेट दाबलं. सगळी मांडणी, सगळी विकलेली कूपनं पुसली गेली. हातात पैसे भरलेल्या चिठ्ठ्या घेऊन माणसं रांगेत आणि यंत्राला एकही चिठ्ठी ओळखू येईना. मी अंबाजोगाईहून निघालो, पोचेपर्यंत पोर रडत होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते बटण बंद-चालू करण्यासाठी नसतं. बंद-चालू करायचं असेल तर लाईटचा प्लग काढा, तीस सेकंद थांबा, लावा. एकदाच.

माझ्यासारख्याला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: डब्याच्या दिव्यांचा फोटो, वायफायच्या तपशिलात दिसणारा आयपी पत्ता, पैसे भरल्याची वेळ आणि यूटीआर, आणि अडलंय ते एकाच फोनवर की सगळ्यांच्या. शेवटच्याचं उत्तर "एकाच फोनवर" असं असलं, तर बहुधा मला गाडी काढावीच लागत नाही. पॅनेल उघडून, फोनवर बोलता बोलता चालू करून देतो.